दसऱ्याआधी एक स्कॅन, पाडव्यानंतर दुसरा



आई योगेश्वरीच्या, आद्यकवी मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या अंबाजोगाईत या परिषदेसाठी राज्यभरातून आलेल्या आपणा सर्व नेत्रतज्ज्ञांचे, नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत करतो. मोठ्या शहरांपासून दूर, खेड्यांतल्या रुग्णांसाठी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहू शकते, हे स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाच्या संस्थेने इथेच दाखवून दिले. काचबिंदूवर विचार करायला याहून योग्य जागा कोणती?

काचबिंदू बहुधा दुखत नाही. डोळ्याच्या नसेतले दहा-बारा लाख तंतू एकेक करून जातात आणि गेलेला तंतू परत येत नाही. दृष्टीचा परीघ मोजणाऱ्या फील्ड टेस्टमध्ये दोष उमटेपर्यंत अनेकदा या तंतूंच्या चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. नुसत्या डोळ्याच्या दाबावर विसंबूनही भागत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत ४,७११ जणांची तपासणी झाली, तेव्हा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉनच्या आसपास निघाली. पडदा पातळ असला की दाब प्रत्यक्षाहून कमी मोजला जातो.

१९९१ साली जगापुढे आलेल्या ओसीटी या स्कॅन तंत्रामुळे नसेभोवतीच्या तंतूंचा थर मायक्रॉनमध्ये मोजता येऊ लागला. निरोगी डोळ्यात तो सरासरी शंभरेक मायक्रॉन असतो आणि वयोमानाने वर्षाला साधारण अर्धा मायक्रॉन झिजतो. पण एकाच दिवशी दोनदा मोजले तरी चार-पाच मायक्रॉनचा फरक पडू शकतो. म्हणून एका स्कॅनवरून आजार वाढतोय का, हे ठरत नाही. एकाच यंत्रावर, चांगल्या सिग्नलचे, ठरावीक अंतराने काढलेले स्कॅन एका ओळीत लावले, तरच खरी घसरण दिसते. थर पन्नास-पंचावन्न मायक्रॉनवर आला की यंत्राचे मोजमाप थिजते. तिथून पुढे फील्ड टेस्टचाच आधार.

ही ओळ आमच्या जिल्ह्यात नेमकी तुटते. दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टीच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि कर्नाटकातले कारखाने गाठतात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडप्याला, खाडा परवडत नाही. पाचटाचे पान डोळ्याला लागले, तर दुकानातून आणलेला थेंब घातला जातो. त्यात स्टेरॉइड असले आणि तो महिनोन्महिने चालला, तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. गुढीपाडव्याच्या सुमारास माणूस गावी परततो, तोवर सहा महिन्यांची नोंद कोरी असते. रुग्ण तपासणीला येत नाही, असे आपण म्हणतो. पण आपण दिलेली तारीख त्याच्या हंगामात बसते का, हे आपण विचारत नाही.

म्हणून या परिषदेपुढे स्वागत समितीची कळकळीची विनंती आहे. काचबिंदूचा संशय असलेल्या कामगाराचा पायाभूत स्कॅन दसऱ्याआधी व्हावा आणि पुढचा पाडव्यानंतर लगेच, त्याच यंत्रावर. अहवालाची प्रत त्याच्या हाती द्यावी. तीवर यंत्राचे नाव, सिग्नलची ताकद आणि चालू थेंब स्पष्ट लिहावेत. साखरपट्ट्यातून आलेल्या सहकाऱ्यांनी ती प्रत पाहून थेंब चालू ठेवावेत, दाब तपासावा. मात्र वेगळ्या यंत्राचा आकडा आमच्या आकड्याशी थेट ताडू नये, कारण यंत्रागणिक मोजमाप बदलते. आणि रुग्णाबरोबर त्याच्या भावंडांना, मुलांनाही तपासणीला बोलवावे; रक्ताच्या नात्यात या आजाराचा धोका जास्त असतो.

नवी यंत्रे आणि नव्या आज्ञावली यांवर इथे सखोल चर्चा होईलच. त्या चर्चेचा लाभ ऊस तोडणाऱ्या हातांपर्यंत कसा पोहोचेल, याचाही आराखडा या सभागृहात ठरावा. पुढच्या गळीत हंगामाआधी त्यावर काम सुरू करण्याची जबाबदारी स्वागत समिती आज आपल्यासमोर स्वीकारते.