धूमकेतूचा एक्स-रे
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



'तुझ्या कामाबद्दल बोल' असं संयोजकांनी सांगितलं. माझं काम दोन वाक्यांत संपतं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी कास्टिंगचे एक्स-रे काढतो आणि अहवालावर सही करतो. एका बाजूला किरणांचं यंत्र, दुसऱ्या बाजूला फिल्म. आत ब्लोहोल असेल तिथून किरण जास्त पार होतात आणि फिल्मवर काळा डाग उमटतो. तो डाग नजरेतून सुटला तर तसला भाग कुणाच्या तरी गाडीत जाऊन बसेल. त्यामुळे घरचे म्हणतात, हा माणूस कशालाच पटकन हो म्हणत नाही!

मगाशी चहाला एकानं विचारलं, "अरे, अवकाशातल्या दुर्बिणी म्हणे धूमकेतूचाही एक्स-रे काढतात. मग आतलं सगळं दिसत असेल?" प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून त्यावरच बोलतो.

आठवतंय, आपली बोर्डाची परीक्षा झाली त्या मार्चमध्ये ह्याकुताके नावाचा धूमकेतू आला होता. २५ मार्च १९९६ ला तो पृथ्वीपासून दीड कोटी किलोमीटरवर होता. सप्तर्षींकडून ध्रुवताऱ्याकडे सरकणारा तो धुरकट पुंजका आपल्यापैकी काहींनी गच्चीवरून पाहिलाही असेल. त्याच आठवड्यात जर्मनीच्या रोसॅट उपग्रहाला त्यातून एक्स-किरण येताना दिसले. शास्त्रज्ञ चक्रावले. एक्स-किरण लाखो अंश तापलेल्या वायूतून येतात, आणि हा तर बर्फ-धुळीचा गोळा!

चमक होती तीही गाभ्यापासून हजारो किलोमीटर लांब, सूर्याकडच्या बाजूला, चंद्रकोरीसारखी. टॉम क्रेव्हेन्स यांनी १९९७ साली उलगडा मांडला. सूर्यावरून सतत वारा वाहतो. त्यातले ऑक्सिजन, कार्बनचे अणू बहुतेक इलेक्ट्रॉन गमावून बसलेले, म्हणजे अगदी उपाशी असतात. धूमकेतूभोवतीच्या वायूत शिरले की ते तिथले इलेक्ट्रॉन ओढून घेतात. ओढलेला इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवर उतरताना एक्स-किरण सोडतो.

म्हणजे त्या चित्रात दिसतो तो बाहेरचा वायू. गाभा काही किलोमीटरचा, हे किरण त्याच्या आरपार जाणं शक्यच नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर पलीकडे यंत्र नाही, अलीकडे फिल्म नाही. पोटात काय आहे ते दुसऱ्या वाटेनं कळलं. २०१४ साली फिले हे यान ६७पी धूमकेतूवर उतरलं आणि रोझेटा यानाबरोबर त्यानं गाभ्याच्या एका भागातून रेडिओलहरी आरपार पाठवल्या. ही मात्र आमच्यासारखीच तपासणी, फक्त किरण वेगळे. आतला सुमारे तीन चतुर्थांश भाग पोकळ निघाला. आमच्याकडे असला माल सरळ भट्टीत परत गेला असता.

त्याआधी ४ जुलै २००५ ला 'डीप इम्पॅक्ट'नं टेम्पल-१ धूमकेतूवर ३७० किलोचा ठोकळा आदळवला होता. तेव्हा स्विफ्ट उपग्रहानं एक्स-किरण पुढचे काही दिवस वाढताना टिपले. आतला माल बाहेर पडला, वायू वाढला, म्हणून चमकही वाढली. एक्स-रे दुर्बीण पोटाबद्दल काही सांगते ती अशी, आडून.

आणि ही दुर्बीण वर न्यावीच लागते, कारण आपली हवा हे किरण अडवते. आपल्या ॲस्ट्रोसॅटवरची सौम्य एक्स-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली आणि २८ सप्टेंबर २०१५ ला अवकाशात गेली. तिचे आरसे म्हणजे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, वर सोन्याचा थर, एकात एक बसवलेले. किरण त्यांच्यावर जवळजवळ समांतर, घसटून येतात तेव्हाच वळतात, समोरून आले तर आत शिरून संपतात. पत्र्याचं काम करणाऱ्या आपल्या दोस्तांनी त्याचे फोटो जरूर बघावेत. असली सफाई मी उभ्या एमआयडीसीत पाहिली नाही.

ब्लोहोल कसा दिसतो ते बघायचं असेल तर उद्या परवानगी काढून जुन्या फिल्म दाखवतो. फक्त खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागलेला असेल तर बाहेरच थांबा.