ऑफिसच्या खिडकीत किडे खाणारं झाड

गटाच्या ऑफिसात खिडकीत किडे खाणारं झाड लावायचं आम्ही ठरवलं. पण कोणतं?

साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात दवबिंदू नावाची वनस्पती उगवते. तिच्या पानांवर चिकट थेंब असतात. बारीक किडा बसला की अडकलाच. पण ती उपटून आणायची नाही. कातळावरच्या ओल्या मातीतली ती, कुंडीत टिकत नाही आणि पठार मात्र उजाड होतं.

पान मिटून माशी पकडणारी व्हीनस फ्लायट्रॅप अमेरिकेतल्या कॅरोलायनाची. तिला हिवाळ्यात कडक थंडी लागते. आपल्याकडे ती जगवणं अवघड.

म्हणून आम्ही केप सनड्यू निवडली. ही दक्षिण आफ्रिकेतली, दवबिंदूचीच बहीण, पण बारमाही. नर्सरीत वाढवलेलंच रोप घ्यावं. सकाळचं ऊन येईल अशा खिडकीत ठेवावं. धुतलेलं कोकोपीट आणि जाड वाळू पुरे. खत अजिबात नको, तिचं खत म्हणजे किडे! बोअरचं क्षाराचं पाणीही चालत नाही. पावसाचं पाणी साठवून कुंडीखालच्या ताटलीत घालावं.

तेव्हा मैत्रिणींनो, रोपाच्या रूपावर जाऊ नका. आधी आपली खिडकी बघा, आपलं पाणी बघा, मगच गटाचे पैसे खर्च करा.