मोडलेलं धनुष्य फेकू नका

कोलकात्याहून बोलतोय. या शहराला लागूनच बरानगर आहे. डोला आणि राहुल बॅनर्जी ही तिरंदाज भावंडं तिथलीच. डोला यांनी २००७ साली दुबईत विश्वचषकाची अंतिम स्पर्धा जिंकली. राहुल यांनी २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं. त्यांची धनुष्यं आधुनिक होती. पण आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ हा प्रकार आजही बांबूच्या धनुष्याने खेळतात, आणि अनेक मुलांची सुरुवात तिथूनच होते. ज्या घरात दुसरं धनुष्य नाही, तिथे एक ‘कडाड्’ आवाज आला की सराव बंद! म्हणून आज मोडण्याबद्दल बोलू.

बांबू घ्यायचा तो भरीव. आपण त्याला मानवेल म्हणतो. हाच बांबू एके काळी या बंदरातून परदेशी जाई आणि तिकडे ‘कलकत्ता केन’ नावाने मासेमारीच्या काठ्यांसाठी वापरला जाई. नंदुरबारकडच्या भिल्लांचा तीरकामठाही बांबूचाच.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. पाठ निशाण्याकडे, पोट आपल्याकडे. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. बांबूची बाहेरची साल ताण सर्वांत चांगला सोसते, म्हणून ती पाठीला ठेवायची आणि तिला रंधा लावायचा नाही. तासायचं ते पोटाकडून.

तासताना घाई नको. धनुष्य भिंतीवर आडवं टांगा, दोरी थोडी खाली ओढा, लांब उभं राहून वाक बघा. जिथे ताठ आहे तिथेच खरवडा. जिथे जास्त वाकतंय तिथे हात लावू नका. मग पंचवीस-तीस वेळा हलकेच ओढून पुन्हा बघा.

तरीही मोडलं, तर तुकडे वाचा. पाठीवर चिरफळी उठली असेल, तर तिथले तंतू तासताना कापले गेलेत किंवा ताण एकाच जागी आलाय. चिरफळी लहान असेल तर सरस भरून दोऱ्याने घट्ट गुंडाळा आणि ओढ कमी ठेवा. पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या दिसल्या, तर ती जागा शेजारच्यापेक्षा जास्त वाकतेय. तिथे नाही, तिच्या दोन्ही बाजूंना खरवडा, म्हणजे भार वाटला जाईल. लांबीच्या दिशेने गेलेली सरळ भेग बहुधा वाळतानाची असते, ती तितकी धोक्याची नसते. पण आडवी भेग पाठीवर पसरली, की ते धनुष्य संपलं. ते पुन्हा ओढू नका, तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

इथल्या पावसाळी हवेत लाकूड ओल धरतं. धनुष्य मग मऊ पडतं आणि वाक तसाच राहतो. म्हणून बांबू सावलीत सावकाश वाळवा, आणि काम झालं की दोरी उतरवून ठेवा. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका. बाण जी ताकद घेऊन जातो, ती मग धनुष्यातच आदळते.

मोडलेले तुकडे नाव-तारीख लिहून जपून ठेवा. पुढचं धनुष्य करायला बसाल, तेव्हा ते समोर मांडा. कुठे घाई झाली, ते त्यांच्याइतकं स्पष्ट दुसरं कुणी सांगणार नाही.