थंडीत रुसलेली गाडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत फोर्ट विल्यममधील मराठी कुटुंबांसमोर झालेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले. त्यानंतर आम्ही उभे राहून बिघडलेल्या मोटारगाडीविषयी बोलावे, हे काही रसिकांना रुचणार नाही. पण कार्यकारिणीचे म्हणणे असे पडले की, माघातल्या पहाटे गाडी सुरू होईनाशी झाली की रसिक आणि अरसिक दोघेही सारखेच हवालदिल होतात. हे म्हणणे आम्हांस खोडून काढता आले नाही.

ज्या वास्तूत आपण जमलो आहोत तिच्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून मराठी माणसाला येथे पुढे जाववत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांची धास्ती घेऊन १७४२ साली कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो ‘मराठा डिच’ कधीच पुरा झाला नाही. पुढे १७५७ च्या प्लासीनंतर, १७५८ पासून, क्लाइव्हने हा नवा किल्ला बांधावयास काढला. आज त्या किल्ल्याचे अधिकृत नाव ‘विजय दुर्ग’ आहे, आपल्या कोकणकिनाऱ्यावरील विजयदुर्गावरून ठेवलेले. आणि सेंट जॉर्जेस गेटाला शिवाजी गेट म्हणतात. ज्यांना अडविण्यासाठी खंदक खणला त्यांचेच नाव शेवटी दारावर लागले! असे असले तरी जुनी सवय सुटत नाही आणि आमच्या तोंडी अजून फोर्ट विल्यमच येते. असो.

आता कलकत्त्याची थंडी. ती थंडी म्हणण्याजोगी आहे का, हाच मुळात वादाचा प्रश्न. पारा १५ अंशांवर आला की आपले बंगाली शेजारी माकडटोपी चढवितात, आणि दोन वर्षे येथे राहिलेला पुणेकरही मुकाट्याने तिच्यात डोके घालतो. पण १०-१२ अंशांची थंडी इंजिनाच्या दृष्टीने काहीच नाही. तेव्हा कलकत्त्यात जी गाडी जानेवारीत सुरू होत नाही ती थंडीने आजारी पडलेली नसते. ती अगोदरच आजारी असते. थंडी फक्त चुगली करते.

हे बॅटरीच्या बाबतीत विशेष खरे. शिशाच्या बॅटरीचा खरा वैरी उन्हाळा. चैत्र-वैशाखात बॉनेटखाली जी भट्टी पेटते तिने आतील पट्ट्या झिजतात, पाणी आटते. मात्र उष्णतेत रासायनिक क्रिया जलद चालत असल्यामुळे दुबळी बॅटरीही वेळ मारून नेते. थंडी पडली की तिचे सोंग संपते. शून्य अंशाला बॅटरीची इंजिन फिरविण्याची ताकद साधारण दोन-तृतीयांश उरते आणि उणे १८ अंशांना निम्म्याहूनही कमी. त्याच वेळी इंजिनातील तेल काकवीसारखे घट्ट होऊन इंजिन फिरविण्यास अधिक जोर मागते. उत्पन्न घटावे आणि त्याच महिन्यात खर्च वाढावा, तशी ही कोंडी आहे.

त्यातून आपणां प्रवासी मंडळींची एक खास अडचण. सुट्टीत आपण तीन-चार आठवडे गावी जातो. गाडी येथे उभी. घड्याळ, भोंग्याची सुरक्षायंत्रणा, चावीविना उघडणारे कुलूप ही सारी मंडळी त्या अवधीत बॅटरीतून थेंबथेंब पीत असतात. मग गीतांजलीने हावड्याला उतरून घरी यावे, दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या शाळेसाठी चावी फिरवावी, तो आतून फक्त ‘टक्’! जाण्यापूर्वी बॅटरीची ऋण, म्हणजे काळी, तार सोडवून ठेवावी. पाच मिनिटांचे काम आहे.

आता निदानाकडे वळू. वैद्य प्रथम नाडी पाहतो. आम्ही प्रथम कान देतो. चावी फिरवल्यावर काय ऐकू येते, एवढ्यावर अर्धे निदान होते. काहीच आवाज नाही, नुसती टकटक, इंजिन कण्हत, रखडत फिरते, किंवा जोमाने फिरते पण पेट घेत नाही. हे चार आवाज म्हणजे चार वेगळे आजार. पहिल्या तिहींत दोष विजेच्या बाजूला असण्याचा संभव फार; चौथ्यात बॅटरी आणि सेल्फ निर्दोष आहेत, इंधन अथवा ठिणगी यांकडे पाहावे. हे न ऐकताच प्लग बदलावयास धावणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

दुसरी परीक्षा दिव्यांची. पुढचे दिवे लावावे, एकाला समोर उभे करावे आणि सेल्फ मारावा. दिवे मुळातच पिवळे, मलूल असतील तर बॅटरी उतरली आहे. दिवे लखलखीत आहेत, सेल्फ मारल्यावरही तसेच राहतात आणि आवाज मात्र नाही, याचा अर्थ वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. स्विच, सोलेनॉइड किंवा त्यांच्या तारा पाहाव्यात. स्वयंचलित गिअरची गाडी असेल तर दांडा एकदा न्यूट्रलमध्ये घेऊन पाहावे. कित्येकदा तेवढ्यानेच काम होते. आणि दिवे आधी चांगले, पण सेल्फ मारताच विझल्यासारखे होऊन पुन्हा उजळतात, असे असेल तर नवी बॅटरी आणण्यापूर्वी तारांचे सांधे तपासावेत.

या शेवटच्या लक्षणाची एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत, पहाटे चारच्या सुमारास, आमच्या शेजारच्या आजींना दम लागला. धुके इतके की समोरचा विजेचा खांब दिसेना. मुलगा त्यांना उचलून गाडीत बसवतो तो गाडी रुसली. बघता बघता चार दारे उघडली आणि चार तज्ज्ञ जमले. एक म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी आहे. दुसरे म्हणाले, धक्का मारा. तिसऱ्यांनी आत बसून सेल्फवर सेल्फ मारण्याचा सपाटा लावला होता. आजींचा श्वास मागच्या आसनावरून ऐकू येत होता. आम्ही प्रथम त्या गृहस्थांना चावीवरून हात काढावयास लावला, कारण सेल्फ दीड-दोनशे अँपिअर वीज खातो आणि जी काही उरली होती तीही ते संपवीत होते. दिवे लावून पाहिले: झकास. सेल्फ मारताच गुल, सोडताच पुन्हा झकास. बॉनेट उघडून बॅटरीच्या सांध्यांना बोट लावले. एक गार होता, दुसरा कोमट. जेथे जोड सैल किंवा किटलेला असतो तेथे वीज अडखळते आणि तो सांधा तापतो. क्लँप सोडविला तर आत हिरवट-पांढरी बुरशीसारखी खार साचलेली. सुरीने खरवडून, ओल्या फडक्याने पुसून, क्लँप आवळला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. या साऱ्याला दहा मिनिटे लागली असतील. आजी वेळेवर पोहोचल्या, आणि पुढे चैत्रात त्यांच्या हातचे पन्हे आम्ही प्यालो.

ती खार काढण्यास खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या दातब्रशाने घासावे आणि सुकल्यावर व्हॅसलीन चोपडावे. सोडविताना काळी तार प्रथम, लावताना काळी तार शेवटी. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी अर्थची तारही पाहावी. तिची आठवण कोणालाच राहत नाही.

बॅटरीचे बळ मोजावयाचे तर रात्रभर गाडी उभी राहिल्यावर व्होल्टमापक लावावा. १२.६ म्हणजे पोट भरलेले, १२.२ म्हणजे अर्धपोटी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरीचे दिवस भरत आले, असे समजावे.

आता चौथा आवाज, म्हणजे इंजिन फिरते पण पेटत नाही. जुन्या गाड्यांत येथे मोठी मौज होती. आपल्या शेजारीच, हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात, २०१४ पर्यंत अँबॅसॅडर तयार होत असे. ज्यांनी ती चालविली त्यांना चोक ओढणे ठाऊक आहे. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवावयाचे, एवढाच चोकचा अर्थ. तो फार वेळ ओढला की प्लग पेट्रोलने भिजतात आणि गाडीभोवती वास सुटतो. अशा वेळी चोक आत ढकलून, अॅक्सिलरेटर तळाशी दाबून धरून सेल्फ मारावा. कोंडलेले पेट्रोल निघून जाते. जुन्यांत जुन्या गाड्यांना हँडलही असे. ते मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीसारखा पलीकडे वळवू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडते. हे आजच्या तरुणांना पुराणातील वांगे वाटेल. पण अशा गाड्या हौसेने जपणारी मंडळी या शहरात पुष्कळ आहेत, म्हणून सांगितले.

कलकत्त्यात चोकहूनही अधिक सतावते ती दमट हवा. गंगेवरून धुके आले की डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात दव साचते आणि ठिणगी प्लगपर्यंत जाण्याऐवजी ओल्या वाटेने पळून जाते. टोपण काढून कोरड्या सुती फडक्याने आतून-बाहेरून पुसावे. याला थंडीचा आजार म्हणतात खरे, पण तो वस्तुतः ओलाव्याचा आहे, श्रावणातही होतो.

नव्या गाड्यांत चोक नाही आणि डिस्ट्रिब्युटरही नाही. तेथे चावी ‘ऑन’पर्यंत फिरवून कान द्यावा. मागच्या बाजूला इंधनपंपाची दोन सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे. ती नसेल तर पंपाचा फ्यूज पाहावा. समोरच्या फलकावर चावीचे चित्र लुकलुकत राहिले तर गाडीने चावी ओळखलेली नाही. चावीतील लहान बॅटरी थंडीत मंदावते, म्हणून चावी सुरू करण्याच्या बटणाला अगदी चिकटवून पाहावी.

येथवर कलकत्ता झाले. पण पूर्व विभागाचे मुख्यालय १९६३ पासून या किल्ल्यात आहे, आणि येथून ज्यांच्या बदल्या होतात ते थेट सिक्कीमच्या नाहीतर तवांगच्या बर्फात जातात. आपल्यापैकी बाकीचे हौसेने गाडी काढून गंगटोक आणि पुढे छांगू सरोवरापर्यंत जातात. तेथे मात्र थंडी चुगलखोर उरत नाही, ती स्वतःच वैरी होते. नथू ला सुमारे १४,००० फुटांवर आहे. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली फार खोल जातो.

अशा जागी डिझेल गाडीचे दुखणे वेगळे. डिझेलमध्ये मेण असते. गारठ्यात ते कणाकणांनी वेगळे होते आणि सर्वांत आधी फिल्टर तुंबवते. इंजिन सुरू होते, दोन-चार मिनिटे चालते आणि गुदमरून थांबते. हे लक्षण दिसले की बॅटरीला दोष देऊ नये. भारतीय मानकानुसार मैदानातील डिझेल थिजण्याच्या बिंदूची मर्यादा उन्हाळ्यात १५ अंश आणि हिवाळ्यात ३ अंश अशी आहे. म्हणजे कलकत्त्यात टाकी काठोकाठ भरून सरोवराशेजारी रात्र काढणाऱ्याने सकाळी आश्चर्य करण्याचे कारण नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारे डिझेल आणले, ते याच दुखण्यावर. वर जाताना टाकी मैदानातच काठोकाठ भरू नये, डोंगरातील पंपावर थंडीचे डिझेल मिळते का याची चौकशी करावी, आणि मुक्काम शक्यतो गंगटोकपर्यंत उतरून करावा. फिल्टर तुंबलाच तर त्याच्यावर गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळावीत. इंजिनाखाली शेकोटी पेटविण्याचा जो प्रकार ट्रकवाले करतात तो आम्ही पाहिला आहे, आणि कोणी करू नये असेच सांगू. ग्लो प्लगचा दिवा विझण्याची वाट न पाहता सेल्फ मारणे हाही उतावळेपणाच.

पुढच्या ठाण्यांवर आमच्या काळी ड्रायव्हर मंडळी रात्री बॅटरी सोडवून बुखारीच्या उबेला बराकीत नेऊन ठेवीत. त्यामागे शास्त्र आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्रव उणे ५० अंशांनाही गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील द्रव मात्र उणे ७-८ अंशांनाच गोठतो. गोठलेल्या बॅटरीला चार्जिंग लावू नये, ती फुटते. रेडिएटरचेही तेच. नुसते पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉकही तडकवते. निम्मे पाणी, निम्मे ग्लायकॉल ठेवले म्हणजे उणे ३५ अंशांपर्यंत चिंता नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ही आम्ही कळकळीने सांगतो. २०१८ साली नाताळच्या आठवड्यात नथू ला आणि छांगूच्या वाटेवर अचानक बर्फ पडून शेकडो गाड्या आणि अडीच हजारांच्या आसपास पर्यटक अडकले. लष्कराने त्यांना बराकींत आसरा दिला. अशा वेळी गाडीत बसून, काचा लावून, इंजिन चालू ठेवून ऊब घेण्याचा मोह होतो. बर्फाने धुराचे नळकांडे बुजले की तो धूर आत शिरतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही; झोप लागते आणि माणूस उठत नाही. नळकांड्याभोवतीचे बर्फ आधी उकरावे, एक काच चार बोटे उघडी ठेवावी, इंजिन तासाला दहा मिनिटांहून अधिक चालवू नये, आणि सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. बंद गॅरेजमध्ये गाडी तापवीत बसणाऱ्यांनाही हेच लागू.

शेवटी, दुसऱ्याच्या बॅटरीवरून गाडी सुरू करण्याचा क्रम. लाल तार प्रथम मेलेल्या बॅटरीच्या धनाला, मग तिचे दुसरे टोक जिवंत बॅटरीच्या धनाला. काळी तार जिवंत बॅटरीच्या ऋणाला, आणि तिचे शेवटचे टोक मेलेल्या बॅटरीला न लावता, बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन स्फोटक असतो, म्हणून हा खटाटोप. सोडविताना क्रम बरोबर उलटा.

बाहेर अंगणात एक गाडी बॉनेट उघडून उभी केली आहे. चहा झाल्यावर ज्यांना हे सारे हाताने करून पाहावयाचे असेल त्यांनी यावे. भगिनींनीही यावे, गाडी रुसते तेव्हा घरात कोण आहे हे विचारून रुसत नाही. येताना हातातील अंगठ्या, बांगड्या आणि घड्याळाचे धातूचे पट्टे तेवढे काढून ठेवावेत.