वस्तऱ्याची धार : एका वयस्क नवशिक्याचे मनोगत

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात सातारा येथे केलेले भाषण)



आजच्या संमेलनात शिक्षण, वसतिगृहे व वधूवर-परिचय अशा थोर विषयांवर आपण विचार ऐकलेत. आमच्या वाट्याचा विषय त्यामानाने वीतभर लांबीचा आहे. विषय आहे वस्तरा, आणि तोही धंद्यातील मुरब्बी माणसाने सांगितलेला नव्हे, तर साठी उलटल्यावर प्रथमच पथरी हाती धरलेल्या एका शाळामास्तराने सांगितलेला. तेव्हा चुकेल तेथे वडीलधाऱ्यांनी कान धरावा, ही विनंती.

आमचे वडील गावचे बलुतेदार. सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचे बलुते आणावयाचे आणि वर्षभर गावाची सेवा करावयाची, हा त्यांचा क्रम. आम्ही मॅट्रिक झालो आणि शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा त्यांनी धोकटी खुंटीला टांगली व म्हणाले, "तुझ्या हातात खडू शोभतो. ह्याला हात लावू नकोस." आम्ही ते शब्द फार आनंदाने पाळले. इतक्या आनंदाने, की पुढे शाळेतील सोबती घरी यावयाचे असले म्हणजे ती धोकटी आम्ही माजघरात नेऊन ठेवीत असू. वडिलांनी ते पाहिले होते. ते कधी काही बोलले नाहीत, आणि आता बोलावयास ते हयातही नाहीत. ही लाज आम्ही चाळीस वर्षे पोटात ठेवली. आज आपल्यापुढे ती बोलून मोकळे होतो.

सेवानिवृत्तीनंतर एके दिवशी धोकटी उघडली. आत वाटी, आरसा, नराणी, तुरटीचा खडा, झिजलेली पथरी आणि जर्मनीतील सोलिंगेन गावचा छाप असलेला एक वस्तरा निघाला. पाते गंजाने डागळलेले, धार मेलेली. मनात आले, हा वस्तरा आपण पुन्हा जिवंत करू. आयुष्यभर पोरांना शिकविले, तेव्हा दगडावर लोखंड घासणे ते काय कठीण! महिनाभर आम्ही तो घासला. शेवटी धार तर आली नाहीच, उलट हनुवटीवर मात्र दोन जखमा झाल्या.

तेव्हा सांगलीस आमचे चुलते राहतात, त्यांच्याकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, हात किंचित कापतो. त्यांनी वस्तरा उजेडात धरला आणि म्हणाले, "आरं, मास्तर झालास पण पाठ टेकवायला शिकला न्हाईस. पाठ उचलली की धार मेली."

त्या एका वाक्यात निम्मी विद्या आहे. विळी किंवा सुरी यांना धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचे तसे नाही. त्याची पाठ जाड असते ती याचसाठी. पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडावर सपाट टेकविली, की धारेचा कोन आपोआप ठरतो. तो बहुधा १६ ते १७ अंशांच्या आसपास असतो. कारागिराने तो पाते घडवितानाच बांधून दिलेला आहे. नवशिक्याने स्वतःची अक्कल चालवून पाठ उचलली, की ती सारी योजना बिघडते. आम्ही महिनाभर नेमके तेच केले होते.

दुसरा धडा दगडाचा. वडिलांची पथरी मध्ये झिजून खोलगट झाली होती. खोलगट दगडावर सरळ धार कशी यावी? चुलत्यांनी प्रथम ती पथरी काचेवर पसरलेल्या पॉलिश कागदावर पाणी घालून घासावयास लावली व सपाट करवून घेतली. पूर्वी कुरुंदाचे दगड वापरीत. हल्ली बाजारात कणांच्या बारकाईप्रमाणे अंक दिलेले दगड मिळतात. अंक लहान तितका दगड खरखरीत, मोठा तितका मऊ. १००० च्या दगडावर धारेचा पाया बसतो, ४००० व ८००० च्या दगडांवर ती उजळते आणि १२००० च्या आसपास तिच्यावर शेवटचा हात फिरतो. आमची घोडचूक अशी, की पाया बसण्यापूर्वीच आम्ही मऊ दगडाकडे धाव घेतली. पहिलीचा मुलगा एकदम चौथीत बसविला तर त्याचे जे होते, तेच पात्याचे झाले. वरून चकाकी आली, आत काही नाही.

पाया बसला की नाही, हे कळण्यास एक सोपी युक्ती आहे. धारेच्या दोन्ही अंगांना शाई लावावी आणि पाते दगडावरून एकदा हलकेच फिरवावे. जेथे शाई उरली तेथे दगड पोहोचलेला नाही, असे समजावे. ही युक्ती आम्हांस फार आवडली. चूक कोठे आहे ते शिष्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे, यापरते चांगले शिक्षण ते कोणते?

तिसरा धडा दिशेचा. दगडावर वस्तरा नेताना धार पुढे व पाठ मागे असावी. कातड्याच्या पट्ट्यावर ओढताना नेमके उलट, म्हणजे पाठ पुढे व धार मागे. पट्ट्यावर धार पुढे गेली तर पट्टा चिरतो. टोकाला पोहोचल्यावर वस्तरा उलटावयाचा तो पाठीवर, धारेवर कधीही नाही. आणि दाब? "दाबायचं न्हाई," चुलते म्हणाले, "त्याचं वजन त्याला पुरं हाय." आम्ही दाबीत होतो, कारण आमचा त्या हत्यारावर विश्वास नव्हता.

आपणांस वाटेल, केस तो केवढा, आणि त्याने पोलाद कसे बोथट व्हावे? हा प्रश्न अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनाही पडला. पोलाद केसाहून सुमारे ५० पट कठीण. तरीही २०२० साली त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो वाकलेला केस धारेतील एखाद्या कच्च्या जागेशी भिडला की तेथून बारीकसा टवका उडतो. म्हणूनच दाढी आधी पाण्याने व साबणाने नीट भिजवावी. भिजलेला केस मऊ पडतो. आमच्या वाडवडिलांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, परंतु गिऱ्हाइकाची दाढी मनसोक्त चोळल्यावाचून ते वस्तरा उघडीत नसत.

आता कोणी तरुण विचारील, ही विद्या हवी कशाला? त्याचा प्रश्न रास्त आहे. १९०३ साली अमेरिकेत जिलेटचा सुरक्षित वस्तरा विक्रीस आला आणि माणसे घरोघर स्वहस्ते दाढी करू लागली. पुढे कावीळ ब व एच.आय.व्ही. यांचे भय कळल्यावर दुकानांतून दर गिऱ्हाइकास नवे अर्धे पाते घालण्याची पद्धत आली. ती योग्यच आहे, तीत तडजोड नको. धार लावलेला जुना वस्तरा अनेकांच्या मुखावर फिरवावा, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. तो आपल्या घरी, आपल्या एकट्याच्या मुखापुरता ठेवावा.

तसेच, न्हाव्याच्या पोराने न्हावीच व्हावे, असेही आमचे म्हणणे नाही. ज्या सातारा जिल्ह्यातील कटगुण हे जोतीराव फुल्यांचे मूळ गाव आणि नायगाव हे सावित्रीबाईंचे माहेर, तेथे उभे राहून असे कोण म्हणेल? आमचे म्हणणे एवढेच, की धंदा सोडावा, पण हाताची विद्या लाज म्हणून सोडू नये. मिरजेकडे पाहा. तेथील सतारी-तंबोरे घडविणारी घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रे घडविणारी व त्यांस धार देणारी. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हा फरीदसाहेबांनी तोच कसबी हात भोपळ्याला व तारांना लावला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. काम बदलले, परंतु हात जपला.

आणि आमच्या वस्तऱ्याला काय इतिहास नाही? संत सेना महाराजांनी याच धंद्यातील हत्यारांची रूपके करून परमार्थ सांगितला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी याच जिल्ह्यातील प्रतापगडाच्या पायथ्याशी जिवा महालांनी सय्यद बंडाचा वार महाराजांवर येऊ दिला नाही. ही गोष्ट आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. तितक्याच अभिमानाने आणखी एक सांगावी. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र जमले आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरविले. हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळणारी मजुरी नाकारली. वस्तरा कोठे चालवावा हे सर्वांनाच कळते. तो कोठे चालवू नये, हे ज्यांना कळले ते आपले पूर्वज होत. ज्या हत्याराने असा नकार दिला, ते माजघरात लपविण्याजोगे होते काय? हा प्रश्न आम्ही दुसऱ्या कोणास नव्हे, स्वतःस विचारीत आहो.

म्हणून एक लहानशी सूचना करतो. कोणी जुना वस्तरा मोडीत घालू नये. प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक सकाळ ठरवावी. एक सपाट पथरी, एक पट्टा, एखादे जाणते आजोबा आणि शिकू इच्छिणारी चार मुले-मुली, इतके पुरे. खर्च नगण्य. परंतु हे लवकर करावयास हवे. आमच्या चुलत्यांसारखे हात आता फार थोडे उरले आहेत, आणि तेही कापू लागले आहेत.

गेल्या महिन्यात सांगलीहून परत आल्यावर एके सकाळी आम्ही वडिलांच्या आरशापुढे बसलो. उजेडात धार पाहिली. कोठेही चकाकी दिसली नाही. धार चकाकली तर ती बोथट, असे चुलत्यांनी शिकविले होते. एक केस धरून पाहिला, तो अलगद तुटला. मग दाढी केली. रक्त आले नाही. पुसून, कोरडा करून, तेलाचे बोट लावून तो वस्तरा धोकटीत ठेवला आणि धोकटी पुढच्या सोप्यात, येणाराजाणाराच्या नजरेस पडेल अशा खुंटीवर टांगली. वडील असते तर काय म्हणाले असते, ठाऊक नाही. बहुधा त्यांनी अंगठा धारेवरून आडवा फिरवून पाहिला असता आणि म्हणाले असते, "अजून थोडा पट्ट्यावर ओढ."