यंत्रमानवाला जीव आहे काय?



यंदा चिटणीसबाईंनी मला हा विषय दिला, तेव्हा घरात सर्वांना हसू आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु जीव कशाला म्हणावे, हा प्रश्न गोठ्यात, शेतात आणि बाळंतिणीच्या खोलीत वावरलेल्या बाईला अगदीच परका नाही.

३० डिसेंबर २०१७ रोजी मुंबईला पवईच्या आय. आय. टी.मध्ये सोफिया नावाची यंत्रबाई आली होती. हाँगकाँगच्या हॅन्सन रोबोटिक्स कंपनीने ती बनवलेली. तिला साडी नेसवली होती, आणि तिने सर्वांना नमस्ते केले. जगात माणसांचे इतके प्रश्न असताना यंत्रमानवांवर एवढा पैसा खर्च करणे योग्य का, असे कोणी विचारले, तेव्हा मात्र ती गप्पच झाली. बिघाड झाला होता, असे मागाहून सांगण्यात आले. आपल्यातली एखादी गप्प बसली, तर तिच्या पोटात राग असतो, लाज असते, नाही तर दुःख असते. सोफियाचे गप्प होणे म्हणजे गावातली वीज जाण्यासारखे.

आता मोबाइलातले यंत्र याहून पुष्कळ सफाईने बोलते. त्याला माणसांचे अफाट लिखाण पुरवलेले असते. त्यावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द यावा, याचा हिशेब ते मांडते. मयताच्या घरी काय बोलायचे असते, ते ऐकून ऐकून पाठ झालेली लहान मुलगी जशी मोठ्या बायकांसारखे बोलून जाते, तसेच हे. शब्द चुकत नाहीत, पण तिचे कोणी गेलेले नसते.

कोणी म्हणेल, आपल्याला त्याची माया वाटते ना? वाटते खरी. श्रावणात आपण कानबाई बसवतो, नारळाला डोळे लावतो, नथ घालतो, रात्र जागवतो, आणि दुसऱ्या दिवशी नदीवर पोचवताना डोळे भरून येतात. तो भाव खरा आहे, पण तो आपल्या मनातला आहे. नारळाला दुखले असेल, असे कोणी म्हणत नाही.

तीन दिवसांचे वासरू एक शब्द बोलत नाही, पण गाय नजरेआड झाली की हंबरते. दूध मिळाले नाही तर ते मरते, आणि मग कितीही पाजले तरी उठत नाही. यंत्राचे चार्जिंग संपले, तर महिन्याने लावा, होते तेथून सुरू. बियाणेही कोठीत निपचित पडलेले असतेच की, असे आमच्या घरातून मला ऐकवण्यात आले! पण बी फार जुने झाले की उगवत नाही. त्याचेही आयुष्य सरते. ज्याला गमावण्यासारखे काही नाही, त्याला जिवंत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मला टोचते ते निराळेच. ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरेबियाने या सोफियाला नागरिकत्व दिले. त्या देशातल्या हाडामांसाच्या बायकांना मोटार चालवण्याची मुभा मिळाली ती जून २०१८ मध्ये! बाहुलीला मान आधी मिळाला, बाईला मागून.

‘रोबो’ हा शब्दही कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून आला. त्यांच्या भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. वेठ हा शब्द आपल्या शहादे तालुक्याला नवा नाही. सालदार वर्षाच्या बोलीवर दिवसरात्र राबत, आणि त्यांच्या बायकांच्या राबण्याचा तर हिशेबच नसे. त्यांना जीव आहे, हे सर्वांना ठाऊक होते. तरी वागवले गेले यंत्रासारखे. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, आणि पुढे त्याच आदिवासी बाया दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आपल्यातल्या ज्या वडीलधाऱ्या बायांनी ते दिवस पाहिले, त्यांनी पुढच्या बैठकीत त्याबद्दल बोलावे, एवढी विनंती करते आणि खाली बसते.