तपासणीला जाण्याआधी
(जव्हार-मोखाडा भागातल्या पाड्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आज आपण एका कागदाबद्दल बोलणार आहोत: अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल. सरकार आता 'दिव्यांग' म्हणतं, पूर्वी 'अपंग' म्हणत असे. शब्द बदलला, पण दाखल्यावाचून काही मिळत नाही हे बदललेलं नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिना 1,500 रुपये मिळत. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते 2,500 करायचा निर्णय घेतला. एसटीच्या भाड्यात सवलत, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी, या सगळ्याचं दार हा दाखला आहे. आणि बहुतेक दारांचा उंबरठा 40 टक्क्यांचा. 38 आणि 40 मधला फरक हा घरातल्या तेला-मिठाचा फरक असतो.

दाखला कुणाला मिळू शकतो, इथपासून सुरुवात करू. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि ते 21 झाले. त्यात मानसिक आजार आहे, आणि आपल्या आदिवासी भागासाठी महत्त्वाचा म्हणजे सिकलसेल आहे. हातपाय धड दिसणारी सून सारखी अंग दुखतं म्हणते, तेव्हा घरचे तिला कामचुकार म्हणतात. तिला खरोखर सिकलसेलचा आजार असेल तर कायदा तिच्या बाजूने आहे. मात्र नुसती वाहक असलेल्या बाईला हा दाखला मिळत नाही, हे आधीच समजावून सांगा. विनाकारण आशा लावू नका.

अर्ज 'स्वावलंबन' या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो. आधार, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा फोटो आणि सही किंवा अंगठा लागतो. इथे दोन गोष्टी बघा. एक, नाव. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, दवाखान्याच्या कागदावर तिसरंच, असं असेल तर आधी ते सरळ करून घ्या. दुसरी, मोबाइल नंबर. नोंदणीचा आणि तारखेचा निरोप त्याच नंबरवर येतो. नवऱ्याचा नंबर दिला आणि तो भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला, की बाईला तारीख कळतच नाही. टाकून दिलेल्या बाईचं तर विचारूच नका. तिचा स्वतःचा नाहीतर तिच्या भरवशाच्या बाईचा नंबर द्या. बँकेचं खातंही तिच्याच नावावर हवं.

आता तपासणीचा दिवस. सगळ्या प्रकारांची तपासणी एकाच ठिकाणी होईल असं नाही. त्या विषयाचा तज्ज्ञ नसला की पुढे पाठवतात. मोखाड्याहून जव्हारला यायचं तरी अर्धा दिवस एसटीची वाट बघण्यात जातो. म्हणून निघण्याआधी चौकशी करा: कोणत्या वारी, कोणता डॉक्टर, किती वाजता.

जुने कागद तारखेप्रमाणे लावून न्या. सिकलसेलमध्ये इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तशा पक्क्या तपासणीचा रिपोर्ट हवा. साधी चाचणी पुरत नाही. किती वेळा दुखणं उठलं, किती वेळा भरती केलं, किती वेळा रक्त चढवलं, याचे कागद हवेत. कमी दिसणाऱ्या बाईने चष्मा न्यावा, कारण नजर चष्मा लावून मोजतात. हातापायाच्या अपंगत्वात सांधा किती वाकतो, स्नायूत किती जोर आहे हे पाहतात. तिथे बोलण्यापेक्षा मोजमाप चालतं. मानसिक आजारात मात्र विचारतात: स्वतःची काळजी घेते का, माणसांत मिसळते का, बोललेलं समजतं का, काम होतं का. तिथे उत्तराला वजन आहे.

आणि इथेच आपल्या बायका अडतात. 'पाणी आणता का?' म्हटलं की बाई पटकन 'आणते' म्हणते. खोटं नाही ते. पण एक हंडा आणायला तिला तीनदा बसावं लागतं, चढावर मुलगी हंडा धरते, रात्री पाय शेकावा लागतो, हे ती सांगत नाही. का सांगेल? काम होत नाही म्हटलं तर घरात ठेवतील का, ही भीती तिने जन्मभर बाळगलीय. कामाची आहे हे दाखवण्यातच तिचं आयुष्य गेलं. त्याच सवयीने ती डॉक्टरसमोर बसते आणि तिचं दुखणं कागदावर येतच नाही.

म्हणून चार दिवस आधी तिच्याजवळ बसा. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत काय करते, कुठे थांबते, कोण मदत करतं, हे तिच्याच शब्दांत विचारा आणि लिहून काढा. वाढवून सांगायला शिकवू नका. एकीचं खोटं उघडं पडलं की पुढच्या दहा जणींवर संशय येतो. लपवू नकोस, एवढंच सांगा. लुगडं वर घ्यावं लागेल, डॉक्टर पुरुष असेल, हेही आधी सांगा. बाई सोबत हवी असं स्पष्ट म्हणा. वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या बाईला प्रश्न कळला नाही तर समजावून सांगा, पण उत्तर तिलाच देऊ द्या. सोबत आलेला दीर बोलतो आणि बाई मान खाली घालून बसते, असं होता कामा नये.

दाखला हातात आला की तिथेच वाचून घ्या: नाव, टक्के, कायमचा की मुदतीचा. मुदतीचा असेल तर तारीख वहीत लिहा. 2024 च्या दुरुस्तीनंतर कार्डाचे रंग ठरले आहेत: 40 टक्क्यांच्या आत पांढरं, 40 ते 80 मध्ये पिवळं, 80 आणि वर निळं. दाखला नाकारला तर तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नका. नाकारण्याचं कारण लेखी द्यावं लागतं. निर्णय मान्य नसेल तर 90 दिवसांत अपील करता येतं.

शेवटचं, वेळेचं. भात झोडून झालं, दिवाळी आटोपली, की पाडे रिकामे होतात. तपासणीची तारीख पौषात आली तर बाई भट्टीवर असते आणि 'गैरहजर' असा शेरा पडतो. म्हणून पावसाळ्यातच, लोक घरी असताना, प्रत्येक पाड्याची यादी करा. मागच्या खोलीत कोण झोपून आहे, कोण शाळेत गेलीच नाही, कोण लग्नाशिवाय भावाकडे राहतेय, हे बायकांना विचारा; पुरुषांच्या यादीत ही नावं नसतात. आज घरी जाताना प्रत्येकीने आपल्या पाड्यातलं निदान एक नाव वहीत लिहून न्यावं, आणि पुढच्या बैठकीला त्या बाईचा अर्ज कुठवर आला ते सांगावं.